वाचक विचारतात: तिकडे जाऊन ऑपरेशन करायचं की शिकवायचं?

मागच्या अंकात मी मलावी या आफ्रिकेतल्या देशात एका जिल्हा रुग्णालयात सर्जरी शिकवायला जातो त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतक्या मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादकबाई म्हणाल्या आता निस्तरा तुम्हीच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत. 'तिकडे सिंह दिसतात का' असं तिघांनी विचारलंय, त्यांना एकच उत्तर, वॉर्डात तरी नाही.

प्रश्न: सर, मी एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पास झाल्यावर आफ्रिकेत काम करायचं डोक्यात आहे. आधी लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीतून ऑपरेशनची) फेलोशिप करून जाऊ का? आणि घरी आई एचआयव्हीच्या भीतीने नाहीच म्हणते. (नाशिक)

तुला अरे-तुरे करतोय, रेसिडेंट आहेस म्हणून. फेलोशिप कर, इथे पोटापाण्याला लागेलच, पण तिकडच्या जिल्हा हॉस्पिटलात तिचा उपयोग जवळपास शून्य. 2015 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या ग्लोबल सर्जरी कमिशनने हिशोब मांडला होता की जगात 5 अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल असं ऑपरेशन मिळत नाही आणि दरवर्षी आणखी 14 कोटी 30 लाख ऑपरेशनं व्हायला हवीत. एखादं हॉस्पिटल खरंच कामाचं आहे का हे बघायला त्यांनी तीन ऑपरेशनं धरली, सीझर, लॅपरॉटॉमी म्हणजे पोट उघडून करायचं ऑपरेशन, आणि उघड्या फ्रॅक्चरचा इलाज. आता तूच सांग, या तिन्हीतलं तुला एकट्याला रात्री दोन वाजता काय काय जमेल? मधलं जमेल. सीझर तू इंटर्नशिपनंतर पाहिलंही नसशील आणि फ्रॅक्चर आलं की आपण ऑर्थोला कॉल पाठवून चहाला जातो.

त्यामुळे उरलेल्या दीड वर्षात गोड बोलून गायनॅकच्या लेबर रूममधे घूस, ऑर्थोच्या मुलांबरोबर ट्रॅक्शन (मोडलेला पाय वजन लावून ताणून ठेवणं) लाव, स्पायनल म्हणजे पाठीतून भूल द्यायला शीक, बर होल (कवटीला भोक पाडून साचलेलं रक्त काढणं) बघ, स्किन ग्राफ्ट म्हणजे त्वचेचं कलम स्वतःच्या हाताने घे कारण तिकडे स्वयंपाक उघड्या चुलीवर असतो आणि भाजलेली लहान पोरं रोज येतात. ओपन कोलेसिस्टेक्टॉमी, म्हणजे पोट उघडून पित्ताशय काढणं, हल्लीच्या पोरांनी फक्त पुस्तकात वाचलेली असते, तेही कर. खरं सांगू का, तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं एकट्याने नर्सिंग होम चालवलेला आपला जुना सर्जन मलावीत पहिल्या आठवड्यात रुळतो आणि कॉर्पोरेटमधला स्टार सी-आर्म (ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणारं मशीन) कुठाय, स्टेपलर कुठाय विचारत महिना घालवतो.

संस्थांचं म्हणशील तर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स म्हणजे एमएसएफ सर्जनना इतरांपेक्षा कमी मुदतीसाठी घेते, काही आठवड्यांवरही, आणि फ्रेंच येत असेल तर दारं दुप्पट उघडतात. पण तिथे मुख्यतः काम करायचं असतं, युद्ध, भूकंप, निर्वासितांची छावणी असं. शिकवायचं असेल तर एखाद्या हॉस्पिटलशी किंवा तिथल्या मेडिकल कॉलेजशी थेट जोडून घे, त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन काढ (त्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही, आपल्याकडे कोणी परदेशी येऊन असं केलं तर आपण गप्प बसू का?) आणि किमान तीन महिने रहा. दोन आठवड्यांत जाऊन चाळीस हर्निया करून फोटो टाकणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. चाळीसातला एक पाचव्या दिवशी पिकतो तेव्हा हा विमानात असतो.

आईला सांग, मलावीत प्रौढांमधे एचआयव्हीचं प्रमाण शंभरात सात-आठ आहे, म्हणजे भीती खोटी नाही. पण बऱ्याच पेशंटना औषधं चालू असतात, आणि सुई टोचली तर 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच गोळ्या सुरू करून 28 दिवस घ्यायच्या असतात, हे तू इथेही करतोसच. मी डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय ओटीत जात नाही आणि सुई हातातून हातात न देता ट्रेमधे ठेवायला लावतो. मलेरियाची गोळी मात्र तुझी तरुण मंडळी हमखास चुकवतात, ती चुकवू नको. युगांडा-इथिओपियाकडे जाणार असशील तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी, नाहीतर परत येताना मुंबईला विमानतळावर अडकशील.

प्रश्न: आफ्रिकेत म्हणे हर्नियाला मच्छरदाणी लावतात! गरिबांवर प्रयोग करणं चाललंय का हे? (पुणे)

ताई, हा राग मला समजतो पण गंमत अशी की ही मच्छरदाणी आपल्या धुळे जिल्ह्यातली आहे. दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतडं बाहेर येणं, आणि त्या भोकावर जाळी लावतात. नव्वदच्या दशकात हर्नियाला कंपनीची जाळी लावायची तर शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती, आणि नुसते टाके घालून शिवलेला हर्निया जड ओझं उचलणाऱ्या माणसात परत यायचा. सरांनी पाहिलं की कंपनीची जाळी आणि बाजारातलं मच्छरदाणीचं ठराविक कापड दोन्ही एकाच घराण्याच्या प्लास्टिकची, पॉलिप्रॉपिलीन-पॉलिएथिलीन. मग कापड आणून, धुऊन, तुकडे कापून, निर्जंतुक करून वापरलं, बाकीच्या गावांतल्या सर्जनना वापरायला लावलं आणि 2003 मधे इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत सगळ्यांचे निकाल मांडले. त्यानंतर हे कापड बुर्किना फासो, घाना असं आफ्रिकेत पोचलं.

प्रयोग म्हणाल तर हो, नीट प्रयोगही झाला, आणि झाला ते बरंच झालं. पूर्व युगांडात 302 पुरुषांना चिठ्ठी काढल्यासारखं दोन गटांत वाटलं, अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची. वर्षभरानंतर कंपनीवाल्यांत एकाचाही हर्निया परत आला नव्हता, मच्छरदाणीवाल्यांत एकाचा आला होता, आणि बाकीच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच. हे 2016 साली न्यू इंग्लंड जर्नलमधे छापून आलं. एक तुकडा साधारण एका डॉलरला, दुसरा शंभराच्या वर. आता सांगा गरिबांवर अन्याय कुठला, तो लावणं की न लावता घरी पाठवणं?

पण म्हणून कोणीही उठून दुकानातून मच्छरदाणी आणायची नाही हां. कीटकनाशक लावलेली अजिबात चालत नाही, कुठलं प्लास्टिक आहे ते माहीत पाहिजे, आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) 121 डिग्रीलाच, त्याच्या वर नेलं की पॉलिएथिलीन आक्रसतं. मी तिकडे शिकवताना हे तापमान सिस्टरला आधी शिकवतो आणि सर्जरी करणाऱ्याला नंतर, कारण ऑटोक्लेव्ह तिच्या ताब्यात असतो.

तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून आणखी एक. जाळीच न लावता पोटाच्या स्नायूवरच्या पडद्याचीच एक पट्टी वळवून भिंत पक्की करायची, ही पद्धत पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची. कंपालातल्या मुलागो हॉस्पिटलमधे तिची जाळीशी तुलना करून 2012 मधे पेपर आला, सुरुवातीचे निकाल जाळीच्या तोडीचे.

प्रश्न: लेखात तुम्ही सरळ लिहिलंय की एमबीबीएस नसलेल्या माणसाला तुम्ही आतड्याचं ऑपरेशन शिकवता. इथे आम्ही आयुर्वेदवाल्यांना सर्जरीची परवानगी देण्याविरुद्ध संप केला आणि तुम्ही तिकडे हे करता? (एक डॉक्टर, सांगली)

येणार माहीत होतं हे पत्र. डॉक्टर, संपाचा वाद इथे नको, जागा पुरायची नाही. मलावीतली गोष्ट सांगतो.

तिथे क्लिनिकल ऑफिसर म्हणून एक वर्ग आहे, डॉक्टर नसलेले पण उपचार करणारे, तीन वर्षांचा डिप्लोमा आणि एक वर्ष इंटर्नशिप. मलावीतलं मेडिकल कॉलेजच मुळी 1991 चं, त्यामुळे जिल्ह्याचा गाडा हेच लोक ओढतात. 2007 साली छापलेल्या तिथल्या एका अभ्यासात बाळंतपणातल्या मोठ्या ऑपरेशनपैकी 88 टक्के क्लिनिकल ऑफिसरनी केलेली होती आणि निकाल डॉक्टरांच्या बरोबरीचे होते. मोझांबिकने तर 1984 पासून असे सर्जरीचे तंत्रज्ञ मुद्दाम तयार केले. सात वर्षांनी बघितलं तर त्यातले बहुतेक जिल्ह्यातच टिकून होते आणि तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. कौतुकच करतो असं नाही, 2011 मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला त्यात सीझरनंतर आईच्या मृत्यूत फरक नव्हता पण जखम पिकण्याचं आणि उसवण्याचं प्रमाण क्लिनिकल ऑफिसरांच्या हातून जास्त होतं. म्हणजे शिकवायला जागा आहे ती तिथे, हात धुण्यात, टिश्यू हळू धरण्यात, टाका किती आवळायचा यात.

एक केस सांगतो म्हणजे शिकवणं म्हणजे काय ते कळेल. रात्रीची वेळ, अडकलेला हर्निया, म्हणजे बाहेर आलेलं आतडं भोकात आवळलेलं, माणूस दोन दिवस उलट्या करून, मिनीबस आणि मग सायकलच्या कॅरिअरवर बसून आलेला. केटामाइनवर भूल, लाइट गेलेली, जनरेटर चालू व्हायला वेळ म्हणून नर्सने मोबाइलचा टॉर्च धरलेला. माझा विद्यार्थी, वयाने पस्तिशीचा, सीझर माझ्यापेक्षा फास्ट करतो. त्याने हर्नियाची पिशवी उघडली तर आत वीतभर आतडं जांभळट काळं. त्याचा हात लगेच क्लॅम्पकडे गेला, कापायला. मी समोर उभा, ग्लोव्ह घातलेले पण हात पोटाशी बांधून, कारण मी एकदा नीडल होल्डर हातात घेतला की शिकवणं संपतं. एवढंच म्हटलं, अडकलेली रिंग मोकळी कर, गरम सलाइनचा मॉप (कापडाची घडी) गुंडाळ आणि घड्याळ बघ. पाच मिनिटं. ओटीत पाच मिनिटं काहीच न करणं फार जड जातं हो, तो दर तीस सेकंदाला मॉप उचलून बघायला जात होता. पाच मिनिटांनी उघडलं तर बराचसा भाग गुलाबी, मेसेंटरीत (आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यात) नाडी लागतेय, चिमटा लावला की आतडं वळतंय, एक बोटभर पट्टा मात्र शंकेचा. मग मी काही बोललो नाही. त्याने आणखी पाच मिनिटं मॉप ठेवला, स्वतःहून. पट्टाही सुधारला, आतडं न कापता आत गेलं, आणि ज्या हॉस्पिटलात आयसीयू नाही, रक्ताची पिशवी मिळेल न मिळेल, तिथे आतडं न कापावं लागणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तो हे पुढच्याला शिकवतो. हा माणूस नसता तर त्या पेशंटला वरच्या सेंट्रल हॉस्पिटलला पाठवायचं, अ‍ॅम्ब्युलन्सला डिझेल असेल तर. तुमचा प्रश्न 'डॉक्टर की बिनडॉक्टर' असा आहे, तिथला प्रश्न 'हा की कोणीच नाही' असा असतो.

आणि पूर्ण सर्जनही तयार होतायत बरं का. आफ्रिकेच्या पूर्व, मध्य आणि दक्षिण भागातल्या सर्जनांचं कॉलेज आहे, कोसेक्सा, 1999 मधे सुरू झालं, ऑफिस टांझानियात अरुशाला. कॅम्पस नाही, मुलगा आपल्याच देशातल्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलात काम करत शिकतो आणि परीक्षा सगळ्यांची एक. 'शिकून सगळे इंग्लंडला पळतात' असं आणखी दोघांनी लिहिलंय, तर यांच्या पास झालेल्यांतले साधारण 85 टक्के शिकले त्याच देशात टिकल्याचं दिसलं. आपल्या कुठल्या कॉलेजचा आकडा असा आहे मला सांगा. आमच्यासारख्या बाहेरच्यांचं काम यांना परीक्षेआधी केसेसवर पिळून काढणं, बस.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना सर्जन म्हणून बोलावणं आलंय. मी भूलतज्ज्ञ. मी बरोबर जाऊन फक्त स्वयंपाक करू का? (सातारा)

मॅडम, तुम्ही जा आणि मिस्टरांना स्वयंपाकाला लावा! चेष्टा नाही, भूलतज्ज्ञांचा दुष्काळ सर्जनपेक्षा वाईट आहे, जिल्ह्याला भूल देणारेही क्लिनिकल ऑफिसरच. केटामाइन, स्पायनल यावर बहुतेक संसार. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून येतो, म्हणजे लाइट गेली की तोही गेला, मग हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग हातात. सेंट्रल लाइन वगैरे विसरा, पण पल्स ऑक्सिमीटर असणं-नसणं यावर पोरं वाचतात. लाइफबॉक्स नावाची संस्था 2011 पासून नेमकं हेच करते, टणक बनवलेले ऑक्सिमीटर आणि बरोबर ट्रेनिंग. डब्ल्यूएचओची ऑपरेशनच्या सुरक्षिततेची चेकलिस्टही तुम्ही तिथे रुजवू शकाल. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले होते, 2009 चा पेपर. ती चेकलिस्ट भिंतीवर लावून कोणी वाचत नाही हे दुखणं तिकडेही सेम आहे. तुम्ही मोठ्याने वाचा, कंटाळले तरी वाचा.

जेवणाची काळजी नको, ब्लँटायर-लिंबेला गुजराती दुकानं जुनी आहेत, तूरडाळ मिळते. नाहीतर मक्याच्या पिठाची न्सिमा आणि पालेभाजी, आपल्याला जमतं.

प्रश्न: गडचिरोलीत सर्जन मिळत नाही आणि तुम्हाला आफ्रिका सुचते. पासपोर्टवर शिक्के हवेत म्हणून? (चंद्रपूर)

झोंबलं, पण विचारायलाच हवं होतं. शिक्क्यांची हौस असणारे आहेत, नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ही दोन कामं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत नाहीत. हेमलकशाला लोकबिरादरीत आणि शोधग्रामला सर्च संस्थेच्या दवाखान्यात बाहेरचे सर्जन येऊन ऑपरेशनची शिबिरं करतात, तिथे आधी पेशंट कोण शोधतं आणि नंतर टाके कोण बघतं तर वर्षभर तिथेच राहणारी माणसं. त्यामुळे ती शिबिरं चालतात. मी तर नाशिकच्या त्या मुलालाही सांगेन की आधी तिथे एक वर्ष काढ, मलावीसाठी याहून चांगली तालीम नाही, आणि तिथेच रमलास तर तिकिटाचे पैसे वाचले.

प्रश्न: डॉ. कोटणीस चीनला गेले ते फक्त सेवा करायला की शिकवायलाही? शाळेत धडा होता पण आठवत नाही. (सोलापूर)

तुमच्याच गावचे, भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे, एकदा जाऊन या. 1938 मधे पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. पुढे बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि हो, बेथूनच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवायचे, चिनी शिकून चिनीतून. विद्यार्थ्यांसाठी सर्जरीचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय 32. ज्याच्या नावाचं हॉस्पिटल त्या कॅनेडियन डॉ. बेथूनचा मृत्यू 1939 मधे ग्लोव्हशिवाय ऑपरेशन करताना बोट कापून, त्यातून रक्तात विष पसरून झाला होता. ग्लोव्हचा तुटवडा हा विषय इतका जुना आहे.

प्रश्न: वय 67, चाळीस वर्षांचं नर्सिंग होम बंद करतोय. ओटी टेबल, कॉटरी (रक्तस्राव जाळून थांबवायचं यंत्र), जुना सी-आर्म, टाक्यांचे बॉक्स सगळं तुमच्या मलावीला पाठवायचंय. पत्ता द्या. आणि मी स्वतः आलो तर चालेल का? (बार्शी)

सर, तुम्ही या. सामानाचं जरा थांबा.

गरीब देशांतल्या हॉस्पिटलांतली सुमारे 40 टक्के उपकरणं बंद पडलेली असतात असं पाहणीत दिसलंय, आणि मी ज्या हॉस्पिटलात जातो तिथे मागच्या व्हरांड्यात त्यांची रांगच आहे, कुठून कुठून प्रेमाने आलेली. एकाचं मॅन्युअल जर्मनमधे, एकाला लागणारं डिस्पोजेबल सर्किट त्या देशात मिळतच नाही, एक 110 व्होल्टचं लावल्या लावल्या जळलं. तुमचं सामान त्यातल्या त्यात बरं, मलावीत आपल्यासारखाच 230 व्होल्ट करंट आहे, फक्त पिन इंग्लंडसारखी चौकोनी. पण सी-आर्म नको. तो नेणं, बसवणं आणि दोन वर्षांनी ट्यूब गेली की नवी आणणं कोणाच्या बापाला परवडत नाही. मांडीचं हाड मोडलं की तिथे अनेकांना अजून आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर झोपवतात, आणि जिथे हाडात रॉड घालतात तिथे साइन नावाच्या अमेरिकी संस्थेचा, जो सी-आर्मशिवायच घालायची सोय केलेली असते. रॉड फुकट मिळतो, अट एवढीच की प्रत्येक केसचे एक्सरे त्यांच्या डेटाबेसला टाकायचे, मग पुढचे रॉड येतात. मला ही देणगीची पद्धत सगळ्यात शहाणी वाटते.

ओटी टेबल हाताच्या चाकाने वरखाली होणारं असेल तर सोनं, रिमोटचं असेल तर इथेच विका. कॉटरीचं मॉडेल आणि तिची पेन्सिल परत परत वापरता येते का ते बघा. टाक्यांच्या बॉक्सवरची एक्स्पायरी तपासा, औषधांच्या देणगीला पोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावं असा डब्ल्यूएचओचा नियम आहे, तोच इथेही लावा, आणि वर्षाच्या आतलं असेल तर बार्शीतच एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला देऊन टाका. तुमची जुनी स्टीलची अवजारं मात्र, डीव्हर, बॅबकॉक, चांगल्या आर्टरी फोर्सेप, एकही भंगारात घालू नका, ती बॅगेतून घेऊन या. हल्लीच्या लॉक न लागणाऱ्या फोर्सेपपेक्षा ती शंभरपट बरी.

बाकी सगळ्याचे फोटो काढून, मागची मॉडेल नंबरची पट्टी दिसेल असे, आधी मला पाठवा, मी ते तिथल्या बायोमेडिकल टेक्निशियनला दाखवतो. तो 'नको' म्हणाला तर नको. सुपरिटेंडेंट 'हो' म्हणाला तरी टेक्निशियनचं ऐकायचं, कारण सुपरिटेंडेंट लाजेखातर कशालाही हो म्हणतो. तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना तेवढं बघा, गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट मुंबईच्या कौन्सिलकडून काढायला वेळ लागतो, आणि येताना फेब्रुवारी टाळा, पावसात रस्ते जातात.